आधी कुंकू, मग डॉक्टर

दिवाळीनंतर एकदा मी खडकीला आत्याकडे गेले, तेव्हा ती मोरीत पाठमोरी बसून परकर घासत होती. दार उघडंच होतं. मी हाक मारली तशी तिनं दचकून परकर बादलीत बुडवला. पण मला दिसायचं ते दिसलं होतं. आत्याची पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

"कधीपासून होतंय हे?"

"काय?"

"आत्या, मी बघितलंय."

"बघितलंस ना? मग आता चहा टाक."

चहा पिताना तिनं सांगितलं. गणपतीपासून अधूनमधून डाग दिसत होता. आधी तिला वाटलं उष्णता असेल, म्हणून सब्जा भिजवून प्यायली. मग वाटलं पाण्याची जड बादली उचलली म्हणून. मग तिनं वाटून घेणंच बंद केलं.

"आणि सांगितलं नाहीस कोणाला?"

"कोणाला सांगू? तुझ्या बापाला? तो पत्रक काढील."

मला हसू आलं, कारण ते खरं होतं. माझे बाबा, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, नारायण पेठेत एक लहानसा छापखाना चालवतात. लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापून जे मिळतं ते चळवळीची पत्रकं छापण्यात घालवतात. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या रद्दीवर. माझ्या वह्यांची कव्हरं पत्रकांची, कपाटाच्या फळ्यांवर पत्रकं, डब्यातल्या चिवड्याची पुडी पत्रकाची. 'बाईचं शरीर बाईच्या मालकीचं' हे वाक्य मला शुभंकरोतीच्या आधी पाठ झालं. आता बाबा ज्या संघटनेची पत्रकं छापतात तिचीच मी लिहिते.

आत्या या सगळ्याकडे लांबून, जरा मजेनं बघत आली आहे. तिचा नवरा खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होता. तो गेल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हापासून ती बाजाराच्या मागच्या बाजूला एका खोलीत राहते आणि ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. मूलबाळ नाही. हे सगळं लिहू का, असं मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लिही. पण नाव घालू नकोस, आणि मला रडकी करू नकोस." दोन्ही अटी मी पाळते आहे. दुसरी पाळायला काही कष्ट पडत नाहीत.

त्याच आठवड्यात मी तिला पेठेतल्या एका दवाखान्यात नेलं. जुन्या, नावाजलेल्या डॉक्टरीणबाई. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांचा जन्म त्यांच्या हातून झाला, असं अभिमानानं सांगितलं जातं. त्यांनी चष्म्यावरून आत्याच्या कपाळाकडे पाहिलं, मग गळ्याकडे, मग हातांकडे. बाईच्या अंगावरचे दागिने हीच केसपेपरवरची पहिली ओळ असावी तसं.

"मिस्टर?"

"वारले."

"मग आता ब्लीडिंग कसलं?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आत्या बसली होती पदर आवळून, आणि तो प्रश्न तिनंच सोडवायचा होता. मी काहीतरी बोलायला गेले तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तू बाहेर थांब जरा. मला यांच्याशी बोलायचंय." मी बाहेर गेले. पाचच मिनिटांत आत्याही बाहेर आली, चपला घातल्या आणि जिना उतरायला लागली. तपासणी झालीच नव्हती.

रिक्षा अर्ध्या वाटेवर गेली तेव्हा ती एकदम म्हणाली, "घरी कोण येतंजातं, विचारत होती. खालचा मजला भाड्यानं दिलाय का, असं विचारावं तसं विचारलं तिनं."

रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं. मी त्याला म्हटलं, "पुढं बघून चालवा."

मी तेव्हाच परत वळून भांडायला हवं, असं मला वाटत होतं. आत्या म्हणाली, "भांड. पण मला घरी सोडून मग जा. आणि यापुढं मला कुठल्या डॉक्टरकडे नेऊ नकोस. मरायचं असेल तर निदान अपमान न होता मरीन."

पुण्यात डॉक्टरांची कमी नाही. गल्लीगल्लीत पाट्या आहेत, पाट्यांवर डिग्र्यांची रांग आहे. आणि तरीही एक बाई, शहाणी, कमावती, स्वतःच्या पायावर उभी असलेली बाई, रक्त जात असताना म्हणते की त्यापेक्षा घरी बरं. असं म्हणणारी ती एकटी असती तर मी हे लिहायला बसले नसते. मी पत्रकं वाटत वस्त्यावस्त्यांत फिरते. अविवाहित मुलगी पांढरं जातंय म्हणून जाते आणि 'लग्न कधी करणार' हे औषध घेऊन येते. जाड बाईला काहीही होत असो, 'आधी वजन कमी करा'. दोन पोरं आहेत म्हटलं की 'आता काय, काढून टाका पिशवी'. कसबा पेठेतली आमच्या ओळखीची एक बाई, तिच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या त्याच आळीत गेल्या, बुरखा घालून गेली तर तिला विचारलं, 'तुमच्यात किती मुलं झाल्यावर थांबतात?' ती पाठदुखी घेऊन गेली होती. पाठदुखी! या सगळ्याजणी फी देऊन बोलणी खाऊन येतात आणि पुढच्या वेळी जात नाहीत. मग कुणीतरी वर्तमानपत्रात लिहितं की आपल्या स्त्रिया आरोग्याबाबत उदासीन आहेत. उदासीन!

जानेवारीत आमच्या संघटनेनं कसबा पेठेत स्त्रियांसाठी आरोग्य शिबिर ठरवलं. पत्रक मी लिहिलं. 'इथे तुम्हाला कुणी नावं ठेवणार नाही. लग्न झालेल्या, न झालेल्या, एकट्या, कुठल्याही धर्माच्या, कुठल्याही वयाच्या बाईनं यावं. बाई डॉक्टर, स्वतंत्र पडदा, मोफत तपासणी.' बाबांनी ते फिकट जांभळ्या कागदावर छापलं. मी एक प्रत आत्याला नेऊन दिली आणि ती वाचेपर्यंत समोर बसून राहिले.

"हे तू लिहिलंयस?"

"हो."

"मग खरं असेल?"

"आत्या, माझी माणसं आहेत ती."

ती आली. चांगली इस्त्रीची साडी नेसून, पीएमटीनं, पत्रक पर्समध्ये घडी घालून.

शिबिराची वेळ दहाची होती. डॉक्टर वेळेवर आली होती. एका मोठ्या हॉस्पिटलात नोकरी करणारी, तिशी-पस्तिशीची बाई. हॉलच्या टोकाला चादरींचा पडदा लावून आम्ही तिच्यासाठी टेबल मांडलं होतं. तिला एकला हॉस्पिटलात पोचायचं होतं आणि तिनं ते आधीच सांगितलं होतं. पण संघटनेच्या प्रमुख ताईंनी ठरवून वस्तीत तोंडी सांगितलं होतं की संक्रांतीचे दिवस आहेत, बायका जमतीलच, तर आधी हळदीकुंकू करू. साधं हळदीकुंकू नव्हे, पुरोगामी हळदीकुंकू. त्यात आधी भाषण, मग गाणं, मग दुसरं भाषण, मग प्रमुख पाहुण्या, त्यांना ट्रॅफिक लागलं म्हणून तिसरं भाषण.

बारा वाजून गेले तेव्हा ताईंनी माइक हातात घेतला.

"आपल्यात आज ज्या एकल भगिनी आहेत, समाजानं ज्यांना शुभकार्यापासून दूर ठेवलं, त्यांनी पुढं यावं. आज आपण त्यांच्या कपाळी सन्मानानं कुंकू लावणार आहोत!"

टाळ्या. मी ताईंना खुणा करत होते की थांबा. त्यांनी हसून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आपल्या कार्यकर्तीच्या आत्याच इथे आहेत! या ना, ताई, लाजू नका!"

दोघीजणींनी आत्याला दंडाला धरून प्रेमानं उठवलं. प्रेमानं, हे मला कबूल आहे. स्टेजवर तिला खुर्चीत बसवलं, कुंकवाचं बोट तिच्या कपाळावर टेकलं, फोटो निघाला, नीट आला नाही म्हणून पुन्हा बोट टेकलं, पुन्हा निघाला. तिचा चेहरा मी खालून बघत होते. दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा होता.

मग वाण. सॅनिटरी पॅडचं पाकीट. आरोग्याचा संदेश म्हणून. साठीला टेकलेल्या बाईला माइकवरून पॅडचं पाकीट दिलं आणि पुन्हा टाळ्या वाजल्या. आत्या खाली येऊन माझ्याशेजारी बसली, पाकिटाकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "घ्या. हॉलमध्ये हे जिच्या उपयोगी पडेल अशी म्हातारी मी एकटीच असेन."

आमची ती बुरख्यातली ओळखीची बाई मागच्या खुर्चीवर होती. ताटं फिरवणाऱ्या मुलीनं तिला ओलांडून पुढं जाताना सांगितलं, "तुम्ही बसा हं, तुमचं तपासणीच्या वेळी." ती म्हणाली, "मी बसायलाच आलेय, बाळ. सकाळपासून बसलेय."

कार्यक्रम संपला आणि पडद्यापुढं रांग लागली. चार-पाच बायका आत जाऊन आल्या असतील, तेवढ्यात डॉक्टर पिशवी घेऊन बाहेर आली आणि "मला निघावं लागेल, सॉरी" म्हणून निघून गेली. आत्याचा नंबर आला नव्हता. तिनं रुमालानं कपाळ पुसलं. सगळं निघालं नाही. बस स्टॉपपर्यंत मी तिच्याबरोबर चालत गेले.

"एक सांगू?" ती म्हणाली. "मला कुंकू-टिकलीनं पुरळ यायचं. लग्नापासून. नवरा गेल्यावर तेवढं एक सुख लागलं होतं."

दुसऱ्या दिवशी तिचं कपाळ लालभडक झालं होतं.

त्या आठवड्याच्या मीटिंगला मी आगपाखड करायची ठरवूनच गेले. ताई तिथं फोटो निवडत होत्या. पुढच्या पत्रकावर आत्याचा फोटो टाकायचा होता, खाली ओळ, 'कुंकवाचा हक्क परत मिळाला'.

मी म्हटलं, "तिला कुंकू नको होतं. तिला डॉक्टर हवा होता."

"अगं, प्रतीकांचंही राजकारण असतं," ताई म्हणाल्या. "तू अजून लहान आहेस."

"तिला रक्त जातंय, ताई."

हे मी आत्याला न विचारता बोलले, कारण मला राहवलं नाही. ताईंचा चेहरा उतरला. वाईट बाई नाहीत त्या. जन्म घातलाय त्यांनी या कामात, लाठ्या खाल्ल्यात. त्या म्हणाल्या, "मला सांग, नुसतं 'तपासणी शिबिर' म्हटलं असतं तर यातल्या किती बायका आल्या असत्या? सासू डॉक्टरकडे सोडत नाही, हळदीकुंकवाला सोडते. हे तुला पत्रकं लिहून नाही कळायचं."

हे खरं होतं आणि म्हणून मी आणखी चिडले. बायका घरी हळदीकुंकवाला जाते असं सांगून आल्या होत्या. काहीजणींनी तर पर्समध्ये जुने रिपोर्ट लपवून आणले होते. त्यांनी घरी थाप मारून तीन तास मिळवले, आणि ते तीन तास आम्ही भाषणांत घालवले.

"मग सांगा ना घरी हळदीकुंकू म्हणून," मी म्हटलं. "दाराला तोरण लावा, रांगोळी काढा. पण आत आल्यावर तिला पहिल्यांदा डॉक्टर भेटू दे. ती थाप मारून आलीये, तिची थाप तरी वाया घालवू नका! आणि हा फोटो छापला तर मी बाबांच्या छापखान्यातली प्लेट फोडीन."

"बाप तुझा फोडू देईल?"

"त्यांना विचारणार कोण आहे?"

फोटो छापला नाही. बाकीच्या विषयावर 'पुढच्या मीटिंगमध्ये चर्चा करू' असं ठरलं. चळवळीत एखादी गोष्ट मारायची असली की तिच्यावर चर्चा ठेवतात.

उरला होता डॉक्टरवरचा राग. ती नारायण पेठेत संध्याकाळी एक लहान दवाखाना चालवते हे कळल्यावर मी तिथं गेले, पेशंट संपेपर्यंत थांबले आणि उभ्याउभ्याच म्हटलं, "रांग लागलेली असताना तुम्ही निघून गेलात."

ती थकलेली दिसत होती. म्हणाली, "मी पावणेदहापासून त्या चादरीमागे बसले होते. तुमची भाषणं मला पाठ झालीत. म्हणून दाखवू?"

मी खुर्ची ओढून बसले.

"कोण राहिलं रांगेत?" तिनं विचारलं. मी सांगितलं. ती ताडकन सरळ बसली. "पाळी गेल्यावर रक्त? आणि तुम्ही आज सांगताय? उद्या घेऊन या. ओढून आणा हवं तर."

आत्याला ओढून आणणं सोपं नव्हतं. मी खडकीला जाऊन अर्धा दिवस बोलले. डॉक्टर किती चांगली आहे ते सांगितलं, काय काय असू शकतं ते सांगितलं, बायकांच्या हक्कांवर तर एवढं बोलले की ती मशीन थांबवून माझ्याकडे बघत राहिली.

"झालं तुझं? आता मी सांगते. येईन मी. पण तुझा राग त्या दवाखान्याच्या बाहेर बसव. तू रागावलीस की सगळे तुझ्याकडे बघतात, आणि मग माझ्याकडे. मला कोणी माझ्याकडे बघायला नकोय."

मी शब्द दिला. तो जिना चढेपर्यंत टिकला.

बाहेरच्या टेबलावर एक पोक्त बाई होती. डॉक्टरच्या आधीच्या डॉक्टरपासून तिथंच असलेली. खणखणीत आवाज.

"पेशंटचं नाव? मिस्टरांचं नाव?"

"नाहीत ते," आत्या म्हणाली.

"नाहीत म्हणजे? गावाला गेलेत का गेलेत?"

बाकावरच्या दोघी खुदकन हसल्या.

"गेले."

"मग मुलाचं नाव सांगा."

"मूल नाही."

"अगंबाई. नाहीच झालं?"

सगळा बाक आत्याकडे बघायला लागला. आत्या वळली. मी तिचा हात धरला, दुसऱ्या हातानं आतलं दार ढकललं आणि डॉक्टरला म्हटलं, "तुमच्या दाराबाहेर काय चालतं ते ऐका एकदा."

आत एक पेशंट होती. तिची माफी मागते. डॉक्टरनं आधी तिचं बोलणं पुरं केलं, मग बाहेर आली. टेबलावरच्या बाईनं निरागसपणे सांगितलं, "काही नाही मॅडम, नेहमीचंच विचारत होते." आणि ते खरंच नेहमीचंच होतं. डॉक्टर लाल झाली. म्हणाली, "मी हे कधी ऐकलंच नाही. मी आत असते."

"सगळे आतच असतात," मी म्हटलं.

"पेशंटचं नाव आणि फोन," डॉक्टरनं त्या बाईला सांगितलं. "एवढंच विचारायचं. बाकी मी विचारीन." मग आत्याला म्हणाली, "काकू, या. तुम्हाला एकटीला यायचंय की हिला बरोबर घ्यायचंय?"

आत्यानं क्षणभर विचार केला. "येऊ दे. बाहेर ठेवली तर दवाखाना पेटवील."

आत गेल्यावर डॉक्टरनं दार लावलं, आतून कडी घातली आणि विचारलं, "काय होतंय?" मिस्टर नाही, मूल नाही, घरी कोण असतं नाही. काय होतंय. आत्यानं सांगितलं, सब्जापासून सगळं. डॉक्टर मध्ये बोलली नाही.

"इतक्या वर्षांनी रक्त दिसलं तर ते तपासायचंच असतं," ती म्हणाली. "गर्भाशयाच्या अस्तरात काहीतरी बदल होतो म्हणून ते येतं. बाई कशी वागते त्याचा याच्याशी संबंध नसतो. आता मी काही प्रश्न विचारते. ते मी प्रत्येकीला विचारते, कॉलेजच्या मुलीला आणि आजीबाईंनाही, कारण त्यावर तपासणी आणि औषध ठरतं. उत्तर द्यायचं नसेल तर 'पुढचा' म्हणा. सध्या शरीरसंबंध आहेत?"

मी डॉक्टरवर चिडले. एवढं सगळं होऊन पुन्हा तोच प्रश्न? आत्या आता उठणार म्हणून मी पर्सही उचलली.

आत्या म्हणाली, "आहेत. कधीमधी."

डॉक्टरनं मान हलवली. "त्यानंतर रक्त जास्त जातं का?"

"नाही. तसं काही नाही."

"बरं. ब्लडप्रेशरची गोळी घेता का?"

"अर्धी. सकाळी."

बस, एवढंच. त्या खोलीत भुवई हलली असेल तर ती माझी. 'बाईचं शरीर बाईच्या मालकीचं' लहानपणी पाठ केलेली मी, तोंड उघडं ठेवून माझ्या आत्याकडे बघत होते. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तोंड मिट, माशी जाईल."

आणि मग मला कळायला लागलं की त्या पहिल्या डॉक्टरीणबाईंकडून ती का उठली. त्यांना जे वाटत होतं ते खरं होतं. पण त्यांना उत्तर हवं नव्हतं, कबुली हवी होती. आणि स्टेजवर? तिथं आम्ही एक दुःखी, वंचित, कुंकवाला आसुसलेली भगिनी शोधत होतो आणि ती बाई आम्ही आत्याच्या अंगावर चढवली. एकीनं तिला वाईट ठरवलं, आम्ही तिला बिचारी ठरवलं. दोन्हीकडे तिला तपासायचं राहून गेलं.

तपासणीच्या आधी डॉक्टरनं हत्यार हातात घेऊन दाखवलं. कोमट पाण्यात धरलं. "थांब म्हणालात की थांबेन," म्हणाली. आत्या एकदा "थांब" म्हणाली. ती खरोखर थांबली. मी पडद्याच्या अलीकडे बसून ते ऐकलं आणि मला एकदम रडू आलं, ते रागाचं होतं. इतकं सोपं होतं हे! यासाठी क्रांती लागत नव्हती. कोमट पाणी लागत होतं, कडी लागत होती आणि गप्प बसायची थोडी सवय.

हात धुताना डॉक्टरनं विचारलं, "काकू, आधी का नाही आलात?"

"आले होते की," आत्या म्हणाली. "तुम्ही चादरीमागे होतात, मी स्टेजवर."

डॉक्टर नळ तसाच सोडून उभी राहिली.

सोनोग्राफीत अस्तर जाड दिसलं. तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट वाईट आला. कॅन्सर, पण सुरुवातीचा. गर्भाशय काढायचं ठरलं, त्या डॉक्टरच्याच हॉस्पिटलात. बाबांना सांगितलं तेव्हा ते छापखान्यातल्या स्टुलावर बसले. त्यांनी पत्रक काढलं नाही.

ऑपरेशनच्या सकाळी वॉर्डातल्या नर्सनं आत्याला विचारलं, "मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी?"

माझ्या डोक्यात सणकन गेलं. "का? नसेल तर काय?"

"नसेल तर उत्तम," नर्स म्हणाली. "धातू चालत नाही आत. त्या पलीकडच्या बाई पहाटेपासून जोडवी काढू देत नाहीयेत."

आत्या त्या आजारपणात पहिल्यांदा मोकळी हसली. ट्रॉली लिफ्टकडे न्यायला लागले तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं. "खाली पार्किंगमध्ये एक जण उभा असेल. फॅक्टरीत होता, आता रिटायर. वर यायचा नाही, भित्रा आहे. थर्मासमध्ये चहा असेल, तो तरी पी त्याच्याबरोबर."

तो होता. करड्या मिशांचा, बारीक, दुचाकीला टेकून, थर्मास छातीशी धरलेला. मी ओळख सांगितली तर मलाच "नमस्कार मॅडम" म्हणाला. मी म्हटलं, "वर चला." तो म्हणाला, "नको, मी इथं बरा." मी त्याला जवळजवळ ओढतच नेलं. दारावर वॉचमन.

"हे पेशंटचे कोण?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. ओशाळून, एखादी वस्तू चोरल्यासारखं. "ओळखीचा," तो पुटपुटला.

"ओळखीचे नाय चालत. फक्त नातेवाईक."

"ते कोण आहेत ते पेशंट शुद्धीवर आल्यावर पेशंटला विचारा," मी म्हटलं. "तोवर ते वर बसणार आहेत. तुम्हाला कोणाला फोन करायचाय तो करा, मी इथंच उभी आहे." माझा आवाज चढला तशी लिफ्टची रांग वळून बघायला लागली. बघू दे. या वेळी ती माझ्याकडे बघत होती, आत्याकडे नव्हे.

वॉचमन वैतागून म्हणाला, "जावा, जावा. पण थर्मास उघडू नका वॉर्डात."

आम्ही बाकावर बसलो. चहा कोणी प्यायलं नाही. तो अधूनमधून थर्मासचं झाकण घट्ट करत होता. दुपारी डॉक्टर बाहेर आली, टोपी हातात. "नीट झालं. बाहेर पसरलेलं दिसत नाही. पक्कं रिपोर्ट आल्यावर सांगेन." मग तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो उभा राहिला. तिनं कोण म्हणून विचारलं नाही.

"शुद्धीवर येतायत. एका वेळी एकालाच सोडते," ती म्हणाली. "काकूंनी भूल देण्याआधी सांगून ठेवलंय. आधी तुम्ही."

त्यानं थर्मास माझ्या हातात दिला, चपला दाराशी नीट जोडून ठेवल्या आणि आत गेला. मी बसून राहिले. माझा नंबर दुसरा होता.